सर, हे तुम्हीच लिहिलंत का?

महाराष्ट्रातलं शिक्षण नेमकं कधी बुडालं याविषयी जाणकारांत मतभेद आहेत; पण ते दर पाच-सात वर्षांनी एकदा समूळ बुडतं, याविषयी दुमत नाही. टाक-दौत जाऊन बॉलपेन आलं तेव्हा अक्षर बुडालं. गाईडं आली तेव्हा वाचन बुडालं. कॅल्क्युलेटर आला तेव्हा पाढे बुडाले. झेरॉक्सचं यंत्र आलं तेव्हा उतरवून घेण्याचे कष्ट बुडाले, आणि मोबाइल आला तेव्हा उरलंसुरलं सगळंच बुडालं. इतक्या वेळा बुडूनही ते दर जूनमध्ये पुन्हा वर येतं आणि प्रवेशअर्ज मागतं, हा चमत्कारच म्हणायचा.

सध्याच्या बुडवणाराचं नाव कृत्रिम बुद्धिमत्ता. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय नावाच्या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं केलं, आणि जगभरच्या प्राध्यापकांना एकाच दिवशी निबंधलेखनाविषयी प्रेम उत्पन्न झालं. ज्यांनी वीस वर्षांत विद्यार्थ्याचा एकही निबंध दुसऱ्या पानापलीकडे वाचला नव्हता, तेसुद्धा ‘आता मुलांचं मौलिक लेखन संपलं हो!’ म्हणून गहिवरले. गेलेल्या माणसाच्या गुणांची आठवण मयतीलाच यावी, त्यातला प्रकार.

मी मुळशी तालुक्यातल्या एका लहानशा कॉलेजात मराठी शिकवतो आणि इतिहासाचे सर रजेवर असतील तेव्हा इतिहासही. ज्यांना मुळशी म्हणजे पावसाळ्यात ताम्हिणी घाटात भिजून कणीस खायची जागा एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे. तिथे काचेच्या इमारतींत संगणकवाले बसतात. लवळ्याच्या डोंगरावर मोठमोठी विद्यापीठं आहेत. मधे पौड, म्हणजे तालुक्याचं ठिकाण. आणि पलीकडे धरण, घाट, भातखाचरं आणि आंबेमोहराचा वास. एकाच तालुक्यात एका मुलीचे वडील यंत्राला बोलायला शिकवतात आणि दुसरीचे वडील चिखलणीला बैल मिळेना म्हणून ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडतात. दोन्ही मुली एकच परीक्षा देतात. म्हणून कॉलेजात हे यंत्र कसं वापरावं हा प्रश्न आमच्याकडे नुसता चर्चासत्राचा नाही.

चर्चासत्र मात्र झालं. चहा आणि बिस्किटांसह झालं. त्यात आमच्या स्टाफरूमचे सरळ दोन पक्ष पडले. एक बंदीवाल्यांचा आणि दुसरा उदोउदोवाल्यांचा. मला दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे, म्हणून हा लेख.

आधी बंदीवाले. यांचं म्हणणं असं की मुलांनी यंत्राकडून लिहून आणणं हे शुद्ध पाप आहे, कारण ते त्यांचं स्वतःचं नसतं. तत्त्व सोन्यासारखं आहे. पण हे तत्त्व कोण सांगतंय तेही पाहावं. आमच्या सायन्सच्या मुलांची जर्नलं गेली चाळीस वर्षं मागच्या वर्षीच्या जर्नलांवरून उतरवली जातात. लंबकाचा जो आवर्तनकाल कुण्या पुण्यवान विद्यार्थ्याने एकदा मोजला, तो पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने चालत आलेला आहे. त्याच्या दशांशचिन्हापुढच्या चुकासुद्धा घराण्यातच राहिल्या आहेत. आर्ट्‌सच्या मुलांना परीक्षेआधी ‘अपेक्षित’ नावाचा संच लागतो. त्यात प्रश्नही तयार आणि उत्तरंही. आणि वर्गात सरांनी पिवळ्या पडलेल्या कागदांवरून सांगितलेल्या नोट्स मुलांनी स्वल्पविरामासकट उतरवून घ्यायच्या व मार्चमध्ये स्वल्पविरामासकट परत करायच्या, याला आपण अध्यापन म्हणत आलो. दुसऱ्याचं वाक्य न समजता आपलं म्हणून लिहायचं, हा उद्योग मुलांना यंत्राने शिकवला नाही. तो आपण शिकवला. यंत्राने फक्त तो स्वस्त केला.

चर्चासत्रात मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. गाईडाविरुद्ध दणदणीत बोलून खाली बसलेल्या वक्त्यांना त्याने विचारलं, “सर, तुमच्या नोट्स... त्या तुम्हीच लिहिल्यात का?” प्रश्न अगदी निरागस होता. सभागृहात इतकी शांतता झाली की बाहेर उभ्या असलेल्या पीएमपीच्या बसचं इंजिन ऐकू आलं. मग अध्यक्षांनी वेळेअभावी प्रश्नोत्तरं थांबवली. वेळेचा अभाव नेमका अशाच प्रसंगी निर्माण होतो.

बंदीवाल्यांचं दुसरं शस्त्र म्हणजे चोर पकडणारं यंत्र. निबंध त्यात टाकला की ते ‘हा इतके टक्के यंत्राने लिहिला’ असं सांगतं. टक्का दिसला की आपल्या माणसाचा विश्वास बसतो. ज्योतिषी ‘काळ जरा कठीण आहे’ म्हणाला तर आपण शंका काढू, ‘बहात्तर टक्के कठीण’ म्हणाला तर लगेच शांत करून घेऊ.

आता या शस्त्राची धार पाहा. चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असं एक ओळखयंत्र काढलं. त्यांच्याच चाचणीत त्याला यंत्राच्या लिखाणापैकी जेमतेम २६ टक्के लिखाण ओळखता आलं, आणि माणसांनी लिहिलेलं ९ टक्के लिखाण त्याने यंत्राच्या माथी मारलं. जुलै २०२३ मध्ये कंपनीने ते गुपचूप बंद केलं. म्हणजे बापाला स्वतःचं पोर ओळखता येईना, आणि आम्ही शेजारच्यांना विचारतोय! त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. त्यातले निम्म्याहून जास्त, सरासरी ६१ टक्के, यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकन आठवीतल्या पोरांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सहीसलामत सुटले. कारण साधं आहे. हे ओळखयंत्र अनपेक्षित शब्द आणि वळणं शोधतं. ज्याचा शब्दसंग्रह बेताचा, ज्याची वाक्यं सरळ, तो त्याला यंत्र वाटतो. थोडक्यात, ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात तो माणूस, आणि ज्याने ती घासून घासून शिकली तो यंत्र.

आमच्याकडे याचा प्रयोग झाला. धरणापलीकडच्या वाडीतून येणारी एक मुलगी. घरातली कॉलेज पाहिलेली पहिली. तिने इंग्रजीत पाणीटंचाईवर प्रकल्प लिहिला. धो-धो पाऊस झेलणाऱ्या डोंगराखाली एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन चालावं लागतं, असा विषय. ओळखयंत्र म्हणालं, ७८ टक्के यंत्र. लगेच समिती बसली. समितीत मी होतो, कारण मराठीच्या माणसाला इतर काम नसतं असा प्राचार्यांचा समज आहे. मुलीला बोलावलं. ती दाराशी उभी. मी म्हटलं, “बस बाळ, आणि तुझा प्रकल्प आम्हाला मराठीत सांग.” ती सांगायला लागली. कुठली विहीर कधी आटते, टँकर कुठपर्यंत येतो आणि कुठे फिरतो, तिची आई दिवसाला किती खेपा करते, आणि त्या खेपा मोजायला ती स्वतः चार दिवस आईमागे कशी चालली. दहा मिनिटांत समितीतल्या दोघांनी माना खाली घातल्या. संशयाचा फायदा देऊन प्रकरण मिटवावं असा ठराव झाला. संशयाचा फायदा! संशय आमचा, आणि फायदा तिला दिल्याबद्दल उपकारही आमचेच.

जाता जाता ती दारात थांबली आणि म्हणाली, “सर, मी ते तीनदा शुद्ध करून लिहिलं होतं. थोड्या चुका राहू द्यायला पाहिजे होत्या का?”

मंडळी, या प्रश्नाला बंदीवाल्यांनी उत्तर द्यावं. ज्या शिक्षणात नीट लिहिणाऱ्या पोरीला चुका पेरायचा विचार करावा लागतो, ते शिक्षण यंत्राने बुडवलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग नक्कल ओळखायचीच नाही का? ओळखायची. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ सालचे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे आणि पुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा आहे. पण ते साम्य मूळ मजकूर शेजारी ठेवून दाखवता येतं: ही चोरी आणि हा मुद्देमाल. यंत्राचा मजकूर दर वेळी नवा असतो. मुद्देमाल सापडतच नाही. मग मुद्देमालावाचून, निव्वळ चालण्यावरून चोर ठरवायची पाळी येते. २०२३ साली टेक्सासमधल्या एका शिक्षकाने याहून सोपा मार्ग काढला. मुलांचे निबंध चॅटजीपीटीलाच दाखवून त्याने विचारलं, ‘हे तू लिहिलंस काय रे?’ ते बिचारं हो म्हणालं. त्याला हो म्हणायची सवयच आहे. अर्धा वर्ग चोर ठरला आणि काहींची पदवी अडकून पडली. आपल्या गावचा पोलीस पाटीलसुद्धा याहून बरा तपास करतो.

आता उदोउदोवाले. यांचा उत्साह वेगळ्या जातीचा. यंत्र आलं ना, मग प्रश्नपत्रिका यंत्र काढील, नोट्स यंत्र लिहील, पेपर यंत्र तपासील. आमचे एक सहकारी तर म्हणाले, “आता शिक्षक फक्त मार्गदर्शक!” ते याआधी काय होते हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. यांच्या योजनेप्रमाणे सर यंत्राकडून प्रश्न काढणार, मुलगा त्याच यंत्राकडून उत्तर लिहून आणणार आणि तेच यंत्र त्याला मार्क देणार. म्हणजे यंत्र स्वतःच स्वतःची परीक्षा घेऊन पहिल्या वर्गात पास होणार. सर आणि मुलगा कँटीनमध्ये. असं तीन वर्षं चाललं तर पदवी यंत्रालाच द्यावी, हे न्यायाला धरून होईल.

मुलांना हे कळत नाही असं समजू नका. २०२५ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्राध्यापकाच्या नोट्समध्ये यंत्राला दिलेली सूचनाच तशीच राहिलेली पाहिली आणि त्या विषयाची फी परत मागितली. आठ हजार डॉलरांहून जास्त! विद्यापीठाने ती दिली नाही. तो भाग वेगळा. पण मुद्दा बिनतोड होता. मुलांना बंदी आणि सरांना मुभा? आपल्याकडे ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण यंत्राआधी बऱ्याच वर्षांपासून आहे.

एका ठिकाणी मात्र मी उदोउदोवाल्यांच्या बाजूचा आहे. नॅकच्या समितीसाठी जे अहवाल लिहायचे असतात, ते यंत्राने लिहायला माझी काडीचीही हरकत नाही. जे माणसाने वाचायचंच नाही ते माणसाने का लिहावं?

बरं, हे यंत्र करतं तरी काय? हिंजवडीतला माझा एक जुना विद्यार्थी मला समजावून सांगत होता. त्याने अफाट मजकूर पचवलेला असतो, आणि त्यावरून या शब्दापुढे बहुधा कुठला शब्द येईल याचा ते अंदाज करतं. ‘बहुधा’ हा त्यातला कळीचा शब्द. मला ते चटकन समजलं, कारण माझं शिक्षण पुण्यात झालं. पुण्यात पत्ता विचारा. माहीत असो वा नसो, समोरचा माणूस ‘मला ठाऊक नाही’ असं म्हणून स्वतःचा अपमान करून घेत नाही. ‘असंच सरळ जा, डावीकडे पिंपळ लागेल’ असं खात्रीने सांगतो. पिंपळ बहुधा लागतोच. पुण्यात पिंपळांना तोटा नाही. फक्त तुमचं घर तिथे नसतं.

हे मी मुलांना सांगून पाहिलं असतं तर ती नेहमीप्रमाणे ‘हो सर’ म्हणाली असती. म्हणून वर्गात यंत्रालाच पाचारण केलं. म्हटलं, आम्हाला मुळशी सत्याग्रहाची माहिती दे. अर्ध्या मिनिटात दोन पानं! सेनापती बापट होते, टाटांची वीज कंपनी होती, १९२१ साल होतं. सगळं कसं सुबक. खाली वाचनासाठी एका पुस्तकाचं नावही होतं. आमच्या ग्रंथपालबाईंनी दोन दिवस ते शोधलं. ते कधी लिहिलंच गेलेलं नव्हतं! मग त्या दोन पानांच्या प्रती मुलांना वाटल्या, प्रत्येकाच्या हातात लाल पेन दिलं आणि सांगितलं: आता तुम्ही सर, आणि हा विद्यार्थी. तपासा. प्रत्येक वाक्याला विचारा, हे तुला कोणी सांगितलं? राजेंद्र व्होरांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक घ्या आणि पडताळा. आणि मग घरी जाऊन आजीला विचारा.

सांगतो, माझ्या नोकरीत लाल पेनासाठी मुलांची एवढी मारामारी मी पाहिली नाही. आजवर तो रंग फक्त त्यांच्या अंगावर यायचा! आठवडाभराने वह्या आल्या. एका मुलाच्या आजीने सांगितलं होतं की बुडालेल्या घरातून तिच्या सासऱ्यांनी धान्याची पायली तेवढी डोक्यावर आणली, आणि ती पायली अजून घरात आहे. फक्त मापायला तेवढं भात नाही. हे वाक्य कुठल्या यंत्रात नव्हतं. ते असायला आधी कोणी तरी आजीजवळ बसावं लागतं.

पुण्यात सेनापती बापट रस्ता म्हटला की लोकांना सिग्नल आठवतो, सत्याग्रह आठवत नाही, म्हणून थोडं सांगायलाच हवं. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, ते पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज करायची आणि ती वीज मुंबईला न्यायची, अशी ती योजना होती. त्यासाठी आमची पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे आडवे झाले. विनायकराव भुस्कुटे होते, पुढे पांडुरंग महादेव बापट आले. त्यांना ‘सेनापती’ याच लढ्याने केलं. लढा १९२४ पर्यंत चालला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरणही झालं. कसणाऱ्याला जमीन हवी होती; कागदावर ज्यांची नावं होती त्यांतल्या बऱ्याच सावकारांना नुकसानभरपाईत रस होता. वीज मुंबईत लागली. अंधार आमच्याकडे राहिला.

तुम्ही म्हणाल, सर, विषय यंत्राचा आणि तुम्ही धरणात शिरलात. मी मुद्दाम शिरलो. त्या वेळीही पुण्या-मुंबईचे शहाणे हेच म्हणत होते की ही अडाणी माणसं विजेच्या विरुद्ध आहेत. विजेशी कोणाचं वैर असणार? प्रश्न असा होता की ती कोणाच्या जमिनीवर, कोणाला विचारून आणि कोणाच्या दिव्यासाठी. आज यंत्राबद्दल तोच प्रश्न आहे. त्याने जगातली पुस्तकं, वर्तमानपत्रं पचवली, ती लिहिणारांना विचारलं नाही. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्लीच्या उच्च न्यायालयात दावा लावला. आणि आमच्या बंदीवाल्यांनी काय केलं? त्या मुलीचा प्रकल्प, तिच्या नावागावासकट, तिला न विचारता कुठल्याशा परक्या ओळखयंत्राच्या पोटात घातला. चोर शोधायला निघाले आणि जाताना तिच्याच घराची किल्ली शेजारच्या गावात देऊन आले. देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. तो स्टाफरूमच्या पायऱ्या चढेपर्यंत आपण सभ्यता वापरायला हरकत नसावी.

मग माझं म्हणणं काय? टीका करणाऱ्याने उपायही सांगावा असं वाचक म्हणतात. उपाय सांगितला की ‘हे व्यवहार्य नाही’ असंही तेच म्हणतात. तरी सांगतो.

पहिलं, जो नियम मुलांना तोच सरांना. मुलाने यंत्राची मदत घेतली तर खाली लिहावं: कशासाठी घेतली, काय ठेवलं, काय टाकलं. सरांनी नोट्स यंत्राकडून काढल्या तर त्यांनीही पहिल्या पानावर तेच लिहावं. लाज वाटत असेल तर त्या नोट्स देऊ नयेत. ही कसोटी मला सर्वांत सोपी वाटते. जे उघड लिहायची लाज वाटते, ते करू नये.

दुसरं, मार्क माणसाने द्यावेत. यंत्राने चुका दाखवाव्या, पण मुलाच्या आयुष्यावर जो आकडा बसतो त्याखाली ज्याच्याशी भांडता येईल अशा माणसाची सही हवी. यंत्राच्या केबिनबाहेर आई-वडिलांनी किती वेळ उभं राहायचं?

तिसरं, संशय आला तर ओळखयंत्राकडे धावू नये. मुलाला समोर बसवावं आणि विचारावं. तोंडी परीक्षा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. लगेच आक्षेप येईल: वर्गात १२० मुलं, वेळ कुठे आहे? हिशेब करू. प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तर ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास. सत्रात दहा तास! यंत्राचं काय करावं यावर आमच्याकडे ज्या बैठका झाल्या, त्यांनी याहून जास्त वेळ आणि बिस्किटं खाल्ली आहेत.

चौथं, प्रश्न आपल्या मातीतले विचारावेत. ‘पाण्याचे महत्त्व’ असा निबंध सांगितला तर मुलगा यंत्राकडेच जाणार, आणि जावं. ‘तुझ्या घरी पाणी कुठून येतं आणि भांडण कोणाशी होतं’ हे विचारलं तर यंत्रच मुलाकडे येईल.

आणि पाचवं, वापराचं. हे यंत्र टाकाऊ आहे असं मी कुठे म्हटलंय? आमच्या वर्गात एक मुलगा आहे. वर्गात शंका विचारायची त्याला इतकी लाज, की हजेरीसुद्धा कुजबुजत देतो. तो रात्री यंत्राला एकच गोष्ट बारा वेळा विचारतो. मराठीतून विचारतो, त्याच्याशी तुटकं इंग्रजी बोलतो, आणि ते यंत्र एकदाही ‘एवढं साधं येत नाही?’ म्हणत नाही. आम्ही दुसऱ्यांदा विचारलं की म्हणतो. हा गुण आम्ही त्याच्याकडून घ्यावा आणि वह्या तपासायचं काम त्याला देऊ नये, एवढीच वाटणी मला हवी आहे. आणि सोय सगळ्यांना सारखी हवी. पैसे भरणाराला हुशार यंत्र आणि फुकट्याला मठ्ठ, असं झालं तर आमच्या मुलांच्या वाट्याला पुन्हा धरणाचा अंधारच. कॉलेजने ग्रंथालयात जशी पुस्तकं ठेवली तसं हेही ठेवावं, आणि पुस्तकांसारखंच शेजारी एक ग्रंथपाल बसवावा, जो म्हणेल, ‘हे खरं आहे का ते आधी बघा हं.’

‘पॅटर्न’ हा शब्द आपल्या महाराष्ट्राचा फार लाडका. लातूर पॅटर्नने मार्क कसे मिळवायचे ते शिकवलं. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ नावाचा सिनेमा आला, आणि जमीन विकली की पुढे काय होतं ते साऱ्या महाराष्ट्राने तिकीट काढून पाहिलं. यंत्राचं तर सगळं आयुष्यच पॅटर्नवर चालतं. आपली जमीन गेली तेव्हा निदान तिघा-चौघांनी आडवं पडून ‘कोणाला विचारलंत?’ म्हटलं होतं. आता विचार करण्याची जमीन चालली आहे आणि आपण विचारतोय काय, तर टक्के किती आले!

मुलं यंत्राकडून का लिहून आणतात याचा मी पुष्कळ विचार केला. आळस आहे, भीती आहे, घाई आहे. पण एक कारण फार जुनं आहे. आपण लिहिलेलं कोणी वाचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक झालं आहे. परीक्षेच्या पेपरात मधेच सिनेमाची गोष्ट लिहून पूर्ण मार्क मिळवणाऱ्यांच्या कहाण्या तुमच्या-आमच्या पिढीपासून चालत आल्या आहेत. तेव्हा कुठे यंत्र होतं? न वाचणाऱ्यासाठी न लिहिणं हा चोख व्यवहार झाला.

म्हणून ‘हे तूच लिहिलंस का?’ हा प्रश्न मुलाला अवश्य विचारावा. पण विचारण्याआधी निबंध शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला असावा. नाही तर मुलगा आपल्याला उलट विचारील, ‘सर, हे तुम्हीच वाचलंत का?’ आणि त्या दिवशी वेळेच्या अभावाने सुटता येणार नाही.